भोपळा कुणाचा?

मुलांनो, गणिताच्या पेपरात शून्य मिळालं की आपण काय म्हणतो? भोपळा मिळाला! आज मी तुम्हांला अशाच एका भोपळ्याची गोष्ट सांगणार आहे. पण हा भोपळा कुणा मुलाला मिळालेला नाही. तो मिळाला मला, म्हणजे चौथीच्या वर्गाच्या बाईंना. आणि दिला कुणी? एका संगणकानं! इथवर सगळं हसण्यासारखंच आहे. पण मी तो भोपळा उचलला आणि माझ्याच वर्गातल्या एका मुलाच्या माथी मारला. म्हणून ही गोष्ट सांगताना मला अजूनही अवघडल्यासारखं होतं.

त्या मुलाचं नाव मी सांगणार नाही. "बाई, गोष्ट सांगा, पण नाव नको," असं त्यानंच मला बजावलंय. त्याचा हजेरी क्रमांक १७. तेव्हा आपण त्याला सतरा नंबरच म्हणू.

आमची शाळा लहान गावातली. वर्गात ३१ मुलं. शाळेला कुणीतरी दोन जुने संगणक दिले होते. आमच्या गावचा एक मुलगा पुण्यात नोकरीला आहे. सगळी मुलं त्याला दादा म्हणतात. तो सुटीत आला आणि त्या संगणकांवर लिनक्स घालून गेला. लिनक्स म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारी प्रणाली. तुमच्या आईबाबांकडे अँड्रॉइडचा मोबाइल असेल ना, त्याच्या पोटातही लिनक्सच असतं बरं का!

जाताना दादानं मला एक काळी खिडकी दाखवली. त्या खिडकीत चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण आज्ञा टाइप करायची आणि संगणकानं ती पाळायची. ही आज्ञा ऐकून घेणारा जो असतो त्याला म्हणतात शेल. नारळ आठवा. आत खोबरं, बाहेर करवंटी. संगणकाच्या प्रणालीचा आतला गाभा म्हणजे खोबरं, आणि आपला हात पहिल्यांदा लागतो ती करवंटी म्हणजे शेल. एकापाठोपाठ एक बऱ्याच आज्ञा कागदावर लिहाव्यात तशा एका फाईलमध्ये लिहून ठेवल्या, की झाली शेलची स्क्रिप्ट. ती एकदा लिहिली की रोज रोज तेच टाइप करायला नको.

मी डी.एड. झालेली बाई. मुलांना बेरीज कशी शिकवायची ते मला येतं. पण संगणकाला बेरीज शिकवायची म्हणजे नवीनच प्रकार. तरी म्हटलं, बघू या जमतं का.

आमच्या वर्गात बचत बँक आहे. दर शनिवारी मुलं घरून दोन रुपये, पाच रुपये आणतात. डब्यात टाकतात. सहलीच्या वेळी ज्याचे त्याला परत. हिशेब सतरा नंबर ठेवायचा, कारण त्याचं अक्षर मोत्यासारखं आणि पाढे तोंडपाठ. संगणक आल्यावर तो टाइप करायलाही शिकला. एका ओळीत आधी हजेरी क्रमांक, मग रक्कम. १ पुढे ५, २ पुढे १०, ३ पुढे २, असं खाली खाली.

मी स्क्रिप्ट लिहिली ती साधारण अशी:

बेरीज म्हणजे शून्य.
फाईलमधली एकेक ओळ वाच.
ओळ मिळतेय तोवर तिच्यातली रक्कम बेरजेत मिळव.
ओळी संपल्या की बेरीज दाखव.

बस्स, एवढंच! संगणकाच्या भाषेत यासाठी व्हाइल, रीड, डू, डन असे शब्द असतात. सगळ्यात शेवटी डन लिहायचं, त्यापुढे < अशी खूण करायची आणि फाईलचं नाव द्यायचं. म्हणजे शेलला कळतं, ओळी या फाईलमधून घ्यायच्या. पहिल्या शनिवारी बरोबर बेरीज आली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही आपण मोठा शोध लावल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू?

चार-पाच आठवडे छान चाललं. मग एक दिवस सतरा नंबर म्हणाला, "बाई, जो गैरहजर असतो त्याची ओळच आपण लिहीत नाही. मग नंतर कळतच नाही, तो आला नव्हता की मी लिहायला विसरलो."

"मग शून्य लिही."

"नाही बाई. शून्य म्हणजे शाळेत आला, पण पैसे नाही आणले. जो आलाच नाही त्याचं शून्य कसं? त्याच्यापुढे आडवी रेघ मारू का?"

किती बरोबर बोलला होता तो! पण मुलांनो, तेव्हा मला ते नीटसं कळलं नाही. मी नुसतं "मार" म्हटलं. पुढे काय झालं, तर त्या आडव्या रेघेपाशी माझी स्क्रिप्ट अडखळू लागली. संगणक रेघ कशी मिळवणार? म्हणून मी तिच्यात एक छोटासा बदल केला. ग्रेप नावाची एक आज्ञा असते. ती धान्य निवडावं तशा ओळी निवडून देते. मी तिला सांगितलं, रेघ असलेल्या ओळी बाजूला टाक आणि उरलेल्या पुढे दे. मग एक उभी रेघ | काढली आणि त्या रेघेपुढे माझी आधीचीच बेरीज करणारी ओळ ठेवली. डनपुढचं फाईलचं नाव काढून टाकलं, कारण ओळी आता ग्रेपकडून येणार होत्या. या उभ्या रेघेला म्हणतात पाइप. आपली पाण्याची पाइप असते ना, तीच. एका आज्ञेतून निघालेलं दुसऱ्या आज्ञेत जाऊन पडतं.

हा बदल मी शुक्रवारी संध्याकाळी केला. चालवून बघितला नाही. "एवढ्याशा बदलानं काय होतंय," असं वाटलं.

शनिवारी सकाळची शाळा. त्याच आठवड्यापासून आम्ही ठरवलं होतं, की आता वहीत लिहायचं नाही, थेट संगणकात. सतरा नंबरनं सगळ्यांच्या रकमा टाइप केल्या. दोघं गैरहजर होती, त्यांच्यापुढे रेघा मारल्या. मी ऐटीत म्हटलं, "हं, आता बघा बेरीज!" आणि स्क्रिप्ट चालवली.

पडद्यावर आलं: ०.

वर्ग एकदम गप्प. मी पुन्हा चालवली. पुन्हा ०. मग गलका सुरू झाला. "बाई, माझे दहा रुपये!" "बाई, मी पाच दिलेत!" "आता सहलीला कसं?" एक मुलगी तर रडायलाच लागली. डब्यात पैसे होते; पण कुणाचे किती हे फक्त संगणकात होतं, आणि संगणक म्हणत होता शून्य.

मी सतरा नंबरकडे वळले. "काय केलंस? पुसून टाकलंस ना सगळं? तरी मी म्हणत होते, कशाला हव्यात त्या रेघा! नसता शहाणपणा!"

"बाई, मी काही नाही केलं."

"मग आपोआप झालं का शून्य? ऊठ तिथून."

तो उठला. काही बोलला नाही. सगळ्यात मागे जाऊन बसला. मी फाईल उघडून बघणार, तेवढ्यात वीज गेली. ती शाळा सुटेपर्यंत आलीच नाही.

दुपारी घरी येऊन मी डबा मोजला. २१४ रुपये भरले. पैसे पैशांच्या जागी होते. पण मनाला चैन नव्हतं. रविवारी बाजारात सतरा नंबरची आजी भेटली. म्हणाली, "बाई, पोरगं कालपास्नं गप गप हाय. नीट जेवलंबी न्हाई. साळंत काय झालं का?"

मी म्हटलं, "नाही हो आजी, काही नाही."

मुलांना आपण सांगतो, खोटं बोलू नका. आणि मी भर बाजारात कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन खोटं बोलले.

सोमवारी तासभर आधी शाळेत गेले. संगणक सुरू केला. पहिलं काम काय केलं असेल? जे शनिवारी करायला हवं होतं ते. फाईल उघडली. आणि बघते तर काय! ३१ च्या ३१ ओळी जागच्या जागी. २९ रकमा आणि २ रेघा. एक अक्षर पुसलेलं नव्हतं. आधी हायसं वाटलं. आणि लगेच मागच्या रांगेतली ती रिकामी जागा दिसली.

मग हे शून्य आलं कुठून? मी स्क्रिप्टमध्ये एक जास्तीची आज्ञा घातली: प्रत्येक ओळ मिळवल्यावर आतल्या आतच बेरीज दाखवत जा. पुन्हा चालवलं. पडद्यावर आकडे येऊ लागले. ५. १५. १७. असे वाढत वाढत शेवटी २१४! आणि त्याच्या खाली, सगळं संपल्यावरची बेरीज: ०.

मी डोळे चोळले. एका ओळीत २१४, दुसऱ्या ओळीत शून्य. मधे दुसरी कुठलीही आज्ञा नाही! घरात शिजलेला भात ताटात वाढेपर्यंत नाहीसा व्हावा, तसं. मी दादाला फोन लावला.

सगळं ऐकून तो हसायलाच लागला. "ताई, तुम्ही पाइप लावलीत ना? मग बरोबर आहे. बेरीज झाली, पण ती तुमच्या शेलनं केली नाही. त्याच्या पोरानं केली."

"पोर? शेलला पोर असतं?"

"असतं तर! त्याला सबशेल म्हणतात."

मग त्यानं जे सांगितलं ते आता तुम्हांला सांगते. जरा लक्ष देऊन वाचा हं.

पाइपच्या दोन्ही बाजूंची कामं एकाच वेळी चालतात. अलीकडचा ओळी देत असतो, त्याच वेळी पलीकडचा त्या घेत असतो. एकट्या शेलला दोन्हीकडे कसं पुरं पडणार? म्हणून तो आपल्या हुबेहूब नकला तयार करतो आणि एकेक काम एकेका नकलेला देतो. या नक्कल करण्याला फोर्क असं नाव आहे. जिची नक्कल झाली ती आई, नक्कल म्हणजे मूल. मुलाला जन्मतःच आईकडचं सगळं मिळतं. आईच्या पाटीवर 'बेरीज ०' असं लिहिलेलं असलं, की मुलाच्या पाटीवरही 'बेरीज ०'. पण पाटी वेगळी! मुलानं आपल्या पाटीवर कितीही लिहिलं तरी आईच्या पाटीवर रेघसुद्धा उमटत नाही. काम संपलं की मूल जातं आणि त्याची पाटीही जाते. मग आपण आईला विचारतो, बेरीज किती? ती बिचारी आपल्या पाटीकडे बघते आणि खरं तेच सांगते: शून्य.

"पण मग आधी कसं चालत होतं?" मी विचारलं.

"आधी तुम्ही < ही खूण करून फाईल सरळ शेलच्या हातात देत होता. पाइप नव्हती, म्हणून मुलाची गरज नव्हती. शेल स्वतःच बेरीज करत होता."

"बरं, मी आत असताना शेलला विचारलं, की तू आई का मूल, तर तो सांगेल?"

"तिथंही गंमत आहे, ताई. प्रत्येक चालू कामाला संगणक एक नंबर देतो. दोन डॉलरच्या खुणा $$ लिहिल्या की शेल आपला नंबर सांगतो. पण मुलाला असं विचारलंत, तर तो आईचाच नंबर सांगतो! त्याचा स्वतःचा नंबर हवा असेल, तर बॅशपिड हा शब्द मोठ्या लिपीत लिहून विचारायचं."

मी लगेच करून पाहिलं. खरंच! $$ विचारलं तर आत आणि बाहेर एकच नंबर. बॅशपिड विचारलं तर दोन वेगळे नंबर. म्हणजे आत कुणी दुसराच बसला होता, आणि आईच्या नावानं ओ देत होता. मला कळणार कसं?

हे पाइप प्रकरण आहे तरी किती जुनं? दादानं तेही सांगितलं आणि मग मी वाचूनही काढलं. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मरे हिल नावाच्या ठिकाणी बेल लॅब्ज ही प्रसिद्ध प्रयोगशाळा होती. तिथं १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली तयार करायला घेतली. लिनक्स तिच्याच वळणावर घडलेलं आहे. त्यांचे सहकारी डग मॅकिलरॉय यांनी त्याआधीच, १९६४ मध्ये, एका टिपणात लिहून ठेवलं होतं, की बागेतल्या नळीला जसा नळीचा दुसरा तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ते युनिक्समध्ये करून दाखवलं. बागेतली नळी बघून सुचलेली कल्पना, आणि ती आमच्या चौथीच्या बचत बँकेपर्यंत पोहोचली. आहे की नाही नवल?

आम्ही वापरतो त्या शेलचं नाव बॅश. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला हा शेल १९८९ साली बाहेर आला. त्याआधी १९७९ पासून स्टीफन बोर्न यांचा शेल होता. त्याच नावावर कोटी करून याला 'बोर्न अगेन शेल', म्हणजे पुन्हा जन्मलेला शेल, असं नाव दिलं. आणि गंमत अशी, की सगळेच शेल असे वागत नाहीत. डेव्हिड कॉर्न यांनी लिहिलेला कॉर्न शेल पाइपचा शेवटचा तुकडा मुलाला न देता स्वतःच करतो. तिथं माझी हीच स्क्रिप्ट २१४ म्हणाली असती! बॅशमध्येही २०११ साली आलेल्या ४.२ या आवृत्तीपासून लास्टपाइप नावाची सोय आहे. स्क्रिप्टमध्ये ती चालू केली, तर तोही तसंच करतो. पण आपण सांगितल्याशिवाय करत नाही.

एव्हाना शाळा भरली. प्रार्थना झाली. सतरा नंबर आला आणि मागच्या रांगेत जाऊन बसला.

मी वर्गापुढे उभी राहिले. फळ्यावर तारीख लिहिली, खडू खाली ठेवला. म्हटलं, "मुलांनो, शनिवारी मी याला रागावले. त्यानं काहीही पुसलं नव्हतं. चूक माझ्या स्क्रिप्टमध्ये होती. शुक्रवारी मीच ती बदलली आणि तपासली नाही. आणि तुमच्या देखत मी त्याला बोलले, म्हणून तुमच्या देखत सांगते. बाळा, माझं चुकलं."

वर्गात चिडीचूप. सतरा नंबर खाली मान घालून चटईचा धागा ओढत बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही. माफी मागितली की समोरच्यानं लगेच हसायलाच हवं, असा काही नियम नाही ना?

मग मी म्हटलं, "आता आपण शनिवारी काय झालं ते खेळून बघू." खेळ असा होता. मी झाले शेल. माझ्या पाटीवर लिहिलं, 'बेरीज ०'. ३१ चिठ्ठ्यांवर ३१ ओळी. एक मुलगी झाली ग्रेप; तिनं रेघेच्या चिठ्ठ्या बाजूला टाकायच्या आणि बाकीच्या पुढे द्यायच्या. आता माझी नक्कल कोण होणार? मी कुणाचंच नाव घेतलं नाही. जरा वेळानं मागून सतरा नंबर उठला. माझ्यासारखीच पाटी घेतली, तिच्यावर लिहिलं 'बेरीज ०', आणि ग्रेपशेजारी येऊन बसला.

चिठ्ठ्या सुरू झाल्या. तो बेरीज करत गेला, मुलं मोठ्यानं आकडे म्हणत गेली. ५! १५! १७! शेवटच्या चिठ्ठीला सगळा वर्ग ओरडला, "दोनशे चौदा!" मी म्हटलं, "काम संपलं. आता नकलेनं पाटी पुसायची आणि जागेवर जायचं." त्यानं पाटी पुसली. मग मी माझी पाटी वर्गाला दाखवली. "सांगा, बेरीज किती?"

"शून्य! पण बाई, त्यानं केली होती की बेरीज! आम्ही ऐकलीय!"

"केली होती. बरोबर केली होती. फक्त ती माझ्या पाटीवर आली नाही."

तेव्हा सतरा नंबरनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाई, मग त्या नकलेनं पाटी पुसायच्या आधी बेरीज ओरडून सांगायची. म्हणजे झालं."

मी बघतच राहिले. कारण दादानं फोनवर दोन उपाय सांगितले होते. पहिला असा, की ग्रेपनं निवडलेल्या ओळी आधी दुसऱ्या एका फाईलमध्ये ठेवायच्या आणि मग ती फाईल < या खुणेनं शेलला द्यायची. पाइप नको आणि मूलही नको. दुसरा उपाय अगदी सतरा नंबर म्हणाला तोच! बेरीज करणारी ओळ आणि बेरीज दाखवणारी आज्ञा, दोघींना एकाच महिरपी कंसात घालायचं. म्हणजे नक्कल जायच्या आधी तीच बेरीज पडद्यावर सांगून जाते. आम्ही लगेच तो बदल केला. या वेळी आधी तीन ओळींच्या फाईलवर तपासला आणि मग खऱ्या फाईलवर. पडद्यावर आलं २१४. डब्यातही २१४.

"आणखी एक, बाई," सतरा नंबर म्हणाला. "ती नक्कल जाते कुठं?"

छान प्रश्न, नाही का? ती कुठं जात नाही. तिनं संगणकाच्या स्मरणात जी जागा घेतलेली असते ती प्रणाली परत घेते आणि दुसऱ्या कामाला देते. पुसलेली पाटी दुसऱ्या मुलाला द्यावी तशी.

तुम्ही म्हणाल, बाई, मग हा सबशेल वाईटच की! छे, छे! उलट तो फार कामाचा आहे. कधी कधी आपल्याला नक्कल मुद्दाम हवी असते. तेव्हा आज्ञा साध्या गोल कंसात लिहायच्या. समजा, दुसऱ्या कप्प्यात जाऊन एक काम करायचं आहे. गोल कंसात 'तिकडे जा आणि हे कर' असं लिहिलं, की नक्कल तिकडे जाते, काम करते आणि संपते. आपण मात्र होतो तिथंच. परत यायची आठवण ठेवायला नको. नकलेत आपण काही गोंधळ घातला, एखादी किंमत चुकून बदलली, तरी मूळ पाटी स्वच्छ. मुलाला आईच्या पाटीवर लिहिता येत नाही म्हणूनच तर एका कामाचा बिघाड दुसऱ्या कामात शिरत नाही. फक्त आपण कुठं उभे आहोत, आईपाशी की मुलापाशी, एवढं भान ठेवायचं. आतून 'थांब' अशी आज्ञा दिली, तरी नक्कलच तेवढी थांबते. बाहेरची स्क्रिप्ट पुढे चालूच राहते. हेही लक्षात असू द्या, पुढे कधी उपयोगी पडेल.

आता आमच्याकडे हिशेब संगणकातही असतो आणि वहीतही. रकमा सतरा नंबरच टाइप करतो. आडव्या रेघाही आहेत. त्या आता कुणाला नसता शहाणपणा वाटत नाहीत. मला तर उलट त्या रेघांवरूनच कळलं. तो म्हणाला होता ना, पैसे न आणणाऱ्याचं शून्य वेगळं आणि न आलेल्याची रेघ वेगळी? संगणकाच्या शून्याबद्दलही मी तेच विचारायला हवं होतं. काम झालंच नाही म्हणून हे शून्य आहे, की काम झालं पण माझ्यापर्यंत पोहोचलं नाही म्हणून? मी विचारलं नाही. माझ्या नऊ वर्षांच्या विद्यार्थ्याला जो फरक कळला होता, तो त्या शनिवारी मला कळला नाही.

रविवारी पुन्हा बाजारात आजी भेटल्या. मी स्वतःहून त्यांच्याजवळ गेले आणि झालेलं सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "त्येनं सांगितलं मला. तुमी पोरांम्होरं कबूल केलंसा म्हनून." आणि त्यांनी आपल्या पाटीतल्या दोन काकड्या माझ्या पिशवीत टाकल्या.

तर मुलांनो, तो पाटीचा खेळ तुम्हीही घरी खेळून बघा. दोन पाट्या, थोड्या चिठ्ठ्या आणि तीन जण, एवढं पुरे. घरात किंवा शाळेत लिनक्स असलेला संगणक असेल, तर मोठ्यांच्या मदतीनं पाइप लावून आणि न लावून बेरीज करून बघा. आणि पालकहो, एक विनंती तुम्हांलाही. तुमच्या मुलाच्या हातात कधी शून्य दिसलं, तर रागवायच्या आधी जरा त्याची पाटी मागून बघा. हिशेब झालेला असेलही. फक्त घरापर्यंत आलेला नसेल.